सोळा अक्षरांचा शब्द

कळंबोलीच्या स्टॉपवर कंपनीची बस कधीच वेळेवर येत नसे. त्या वाट बघण्यातूनच तो खेळ सुरू झाला.

जाई पोंक्षे तळोज्याच्या एका रंग बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होती. रज्जाक मुकादम त्याच कारखान्यात स्टोअर बघायचे. ती पस्तिशीची, ते पन्नाशीला टेकलेले. ती मूळची सांगलीची, ते रोह्याकडचे. दोघांचं शिक्षण इंग्रजीत झालेलं नव्हतं. जाईला कॉलेजात पहिल्या वर्षी तिच्या इंग्रजीवरून पोरी हसल्या होत्या, आणि रज्जाकभाई चौथीपर्यंत उर्दू शाळेत होते. पुढे दोघांनी ही भाषा एकेक शब्द करून कमावली होती. त्यामुळे लांबलचक इंग्रजी शब्द सापडला की दोघांनाही लॉटरी लागल्यासारखं व्हायचं.

ते साल चौऱ्याण्णव होतं. गाड्यांवर नव्या पद्धतीचे नंबर आले होते, पण हायवेवरचे कितीतरी ट्रक अजून जुनेच होते, आणि त्यांच्या आकड्यांच्या आधी तीन इंग्रजी अक्षरं असत. ती तीन अक्षरं उचलायची आणि त्याच क्रमाने ती ज्यात येतात असा शब्द शोधायचा. मधे हवी तितकी दुसरी अक्षरं चालतील. ज्याचा शब्द लांब तो जिंकला. एम, एल, टी आलं की आधी 'मेल्ट' सुचतं, मग 'मल्टिप्लाय', आणि डोकं आणखी ताणलं की 'मल्टिप्लिकेशन'.

"शेपूट लावायला शिका, जाईताई," रज्जाकभाई म्हणायचे. "शब्द सापडला की थांबायचं नाय. एशन लावा, नेस लावा, इंग लावा. शेपटीनंच शब्द वाढतो."

त्या दिवशी सकाळी स्टॉपच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक टँकर इंजिन चालू ठेवून उभा होता. धूर ओकत होता, पण हलत नव्हता. जाईने त्याचा नंबर पाहिला.

"एम, आर, जी."

"इमर्जन्सी," रज्जाकभाई ताबडतोब म्हणाले.

"नऊच अक्षरं झाली."

"थांबा की. मायक्रोऑर्गॅनिझम! तेरा."

जाई टँकरच्या पाटीकडे बघत राहिली. एमपासून निघायचं, आरवरून जायचं आणि जीवर संपवायचं. मग शेपूट इंगचंच. ती बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजू लागली. "मिसअ‍ॅप्रोप्रिएटिंग," ती म्हणाली. "चौदा, पंधरा, सोळा. सोळा, रज्जाकभाई!"

समोरच्या बाजूला गंगारामची चहाची टपरी होती. तिथून मधुकर भगत रस्ता ओलांडायला निघाला. मधुकरला त्या भागात सगळे ओळखत. तो खाडीकाठच्या गावचा, मासे मारणारा. कारखान्यांचं वापरलेलं अ‍ॅसिड वाहून नेण्याचं कंत्राट नंदकिशोर घरत याच्याकडे होतं. लोक त्याला नंदूशेठ म्हणत. त्याचे टँकर ते अ‍ॅसिड जिथे न्यायचं तिथे नेतच नसत. वाटेत नाल्यावर थांबून कॉक उघडत. नाला खाडीला मिळत होता, आणि खाडीत मासे पोट वर करून तरंगत होते. मधुकर दोनदा टँकरसमोर आडवा झोपला होता. आठवड्यापूर्वी त्याने पेपरवाल्यांना आणून नाला दाखवला होता.

टँकरने एकदम वेग घेतला. मधुकर रस्त्याच्या मधोमध होता. त्याने हात वर केला, ड्रायव्हरला थांब म्हणून. टँकर थांबला नाही, वळला. सरळ त्याच्या दिशेनेच वळला. धडक बसल्याचा आवाज मोठा नव्हता, ओलं पोतं आपटावं तसा झाला. मधुकर फेकला गेला आणि रस्त्याकडेच्या मातीत पडला. तो जिवंत होता. कोपरावर जोर देऊन उठायला बघत होता.

मग टँकरचे मागचे दिवे लागले. तो मागे आला. मागची जोडचाकं मधुकरच्या पाठीवरून गेली, आणि परत पुढे जाताना पुन्हा एकदा गेली.

स्टॉपवर दहा-बारा माणसं होती. कुणी ओरडलं नाही. ओरडली ती एकटी जाई. ती धावली तेव्हा टँकर तळोज्याच्या दिशेने गेलाही होता. मधुकरच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला आणि फुटला. रज्जाकभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या कमरेपासून खालच्या भागावर टाकला. रुमाल पुरला नाही.

पोलीस आले तेव्हा स्टॉप रिकामा झाला होता. गंगाराम म्हणाला, "साहेब, मी तर कप विसळत होतो." मधुकरने त्याच्याकडचाच चहा पिऊन रस्त्यात पाऊल टाकलं होतं.

"मी पाहिलं," जाई म्हणाली. "अपघात नाही हा. तो मागे आला, साहेब. मुद्दाम मागे आला."

इन्स्पेक्टर दमलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. "नंबर पाहिलात?"

"आकडे नाही पाहिले. अक्षरं पाहिली. एम, आर, जी."

"आकडे नाहीत आणि अक्षरं बरोबर?"

जाईने खेळ सांगितला. सांगताना तिचं तिलाच ते वेड्यासारखं वाटलं. दहा पावलांवर माणूस चिरडून पडलेला आणि ती शब्दांचा खेळ समजावून सांगतेय. हवालदाराला हसू आलं. इन्स्पेक्टरला नाही आलं.

"कुठला शब्द केलात?"

"मिसअ‍ॅप्रोप्रिएटिंग."

"म्हणजे काय?"

"अफरातफर करणं."

इन्स्पेक्टरने रज्जाकभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "हां साहेब. मी पण तेच पाटीवर बघत होतो. एम, आर, जी."

"लिहून घे रे," इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाला.

नंदूशेठचे सगळे टँकर नवीन नंबरांचे होते, एक जुना सोडून. दुपारी पोलीस त्याच्या गॅरेजवर गेले तेव्हा तो जुना टँकर नुकताच धुतलेला होता, आणि नंबराच्या पाटीवरचा रंग ओला होता. अक्षरं बदलली होती. इंजिनवरचा नंबर आरटीओत ताडून पाहिला तर मूळ पाटी एमआरजीचीच निघाली. ड्रायव्हर त्याच दिवशी पकडला गेला. त्याने तोंड उघडलं नाही. नंदूशेठला चौकशीला बोलावलं, तो चहा पिऊन परत गेला.

जाईचा नवरा स्वानंद महाप्याच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टीव्ही बंद केला.

"जाई, तू फक्त स्टॉपवर उभी होतीस. बाकीचेही उभे होते."

"बाकीच्यांनी सांगितलं नाही."

"तेच म्हणतोय मी. का नाही सांगितलं त्यांनी? ते काय आंधळे आहेत?"

उठणाऱ्या माणसाचं ते कोपर जाईच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

साक्षीदार कोण हे कळायला नंदूशेठला वेळ लागला नाही. एका सकाळी स्टॉपवर जीप येऊन थांबली आणि तिघं उतरले. हातात लोखंडी सळया. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधे सळ्यांना काय तोटा. त्यांनी जाईला बाजूला ढकललं.

"ए मुकादम, स्पेलिंग येतं ना तुला? चल, स्पेलिंग सांग. मार. एम, ए, ए, आर."

पहिला फटका रज्जाकभाईंच्या गुडघ्यावर बसला. ते खाली बसले तसा दुसरा जबड्यावर. जाईने तो आवाज ऐकला, वाळकं लाकूड मोडावं तसा. त्यांचे दात रस्त्यावर पडले. एकाने त्यांची मान बुटाखाली दाबली आणि दुसऱ्याने सळई पुन्हा उचलली. लोक मागे सरकले. एक जण तर वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड घालून उभा राहिला.

जाईच्या हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. भरलेला. तिने तो दोन्ही हातांनी कडीला धरून फिरवला आणि सळई उचललेल्या माणसाच्या तोंडावर हाणला. त्याचं नाक फुटलं. डबा उघडून भाजी त्याच्या शर्टावर सांडली. तो गडबडला, आणि जाईने परत हाणला, आता कानावर. तिला मारणं येत नव्हतं. शाळेतसुद्धा तिने कुणाला चापट मारली नव्हती. पण हात थांबत नव्हते. तिसऱ्याने तिचे केस धरून तिला मागे ओढलं, जमिनीवर आपटलं, आणि तिच्या पोटात लाथ घातली.

तेवढ्यात कंपनीची बस आली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आतली माणसं उतरू लागली. तिघं जीपमधे चढले. फुटक्या नाकाचा माणूस चढता चढता जाईकडे बघून म्हणाला, "तुजं थोबाड लक्षात ठेवतो मी. आता हाय तसं परत नाय दिसणार ते."

रज्जाकभाईंचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो तारांनी बांधून टाकला. बोलणं बंद, नळीने पेज. त्यांची बायको हलिमा उशाशी बसून होती. जाई आत गेली तेव्हा हलिमाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"भाभी, माझ्यामुळे..." जाईने सुरुवात केली.

"तुमच्यामुळे कशाला?" हलिमा म्हणाली. "त्यांना पण डोळे होतेच ना. मीच रोज सांगायची, गाड्यांचे नंबर काय वाचत बसता, वेड लागलं काय? आता गप पडलेत. आता सांगा म्हणावं, कोन जिंकलं."

ती रडायला लागली. रज्जाकभाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला, आणि मग दुसऱ्या हाताने पलंगाच्या कडेला टांगलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे पेशंटसाठी पाटी आणि खडू ठेवले होते. त्यांनी हळूहळू लिहिलं, एम, एक्स, जे. आणि जाईकडे बघत राहिले.

जाईला क्षणभर कळेना. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली आवारात एक जुना टेंपो उभा होता.

तिने पलंगाच्या कडेवर बसून विचार केला. एकही शब्द येईना. "नाही मिळत," ती शेवटी म्हणाली. रज्जाकभाईंनी मान हलवली. त्यांनाही मिळाला नव्हता. तारांमागून त्यांचा घशातल्या घशात एक आवाज आला. ते हसत होते, आणि हसताना दुखत होतं म्हणून डोळ्यांत पाणी येत होतं.

रविवारी दुपारी जाई घरी होती. स्वानंद मुलीला, अवनीला, घेऊन बेलापूरला भावाकडे गेला होता. जाईला आधी वास आला. लॅबमधे बारा वर्षं काढलेल्या माणसाला त्या वासाबद्दल शंका येत नाही. तिने दार उघडलं नाही. किचनच्या खिडकीतून जिन्यात डोकावून पाहिलं. उंबऱ्यावर, पायपुसण्यावर, जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर काहीतरी ओतलेलं होतं आणि त्यातून तांबूस धूर निघत होता. दाराशी अवनीचे लाल बूट होते. ते आत वाकत, चुरगळत, काळे पडत होते.

"मालतीबाई!" जाई खिडकीतून ओरडली. "दार उघडू नका! बाहेर येऊ नका!"

समोरच्या मालतीबाईंना जाईचं फक्त ओरडणं ऐकू आलं. शेजारीण संकटात आहे म्हणून त्या अनवाणीच बाहेर धावल्या. त्यांचा उजवा पाय त्या ओल्यात पडला आणि जिना त्यांच्या किंकाळीने भरून गेला.

जाईने लॅबचे रबरी बूट घातले, दार उघडलं, मालतीबाईंना काखेत धरून अर्धवट ओढत आपल्या बाथरूममधे आणलं आणि नळ सोडला. पाणी, पाणी, पाणी. मालतीबाई तिच्या खांद्याला चावत होत्या. तळव्याची कातडी पाण्याबरोबर सुटून मोरीच्या जाळीवर जाऊन अडकली. जाईने नळ बंद केला नाही. पंधरा मिनिटांनी कुणीतरी रिक्षा आणली. मग ती खाली गेली, बिल्डिंगच्या रंगकामासाठी आणलेली चुन्याची गोणी तिने एकटीने पायऱ्यांवरून वर ओढत आणली आणि सगळ्या जिन्यात रिकामी केली. चुना फसफसला. ती वरच्या कोरड्या पायरीवर बसली.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण इथे मुलंबाळं राहतात. एकतर ती केस सोडा, नाहीतर फ्लॅट सोडा."

स्वानंद मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर तो म्हणाला, "मी अवनीला सांगलीला ठेवतो. मीही कंपनीत रजा टाकून तिकडेच राहतो. तू चल."

"मी आले तर रज्जाकभाई एकटे पडतील."

"आणि मी?"

तो मुलीला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी जाई मालतीबाईंना दवाखान्यात भेटायला गेली. पाय पांढऱ्या बँडेजमधे उशीवर ठेवलेला होता. तीन बोटं वाचणार नव्हती.

"मी साक्ष द्यायची नाही असं ठरवतेय," जाई म्हणाली.

मालतीबाईंनी छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग माझा पाय फुकट गेला की गं."

खटला जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहिला तोवर दीड वर्ष गेलं होतं. आरोपी दोघं होते. एक ड्रायव्हर, आणि दुसरा त्याला पाठवल्याच्या आरोपाखाली नंदूशेठ. मधुकरची बायको सुंदराबाई प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर बसायची. काळी, उंच, सडपातळ. नवरा गेल्यावर ती बाजारात मासळी विकायला बसत होती, पण आता खाडीची नाही, पनवेलहून बर्फातली आणलेली. कुणाशी बोलायची नाही.

जाईची उलटतपासणी बचावाच्या वकिलांनी हसत हसत सुरू केली.

"म्हणजे बाई, समोर खून होत होता आणि तुम्ही शब्दकोडं सोडवत होता."

"खून व्हायच्या आधी. टँकर उभा होता तेव्हा."

"आकडा एकही आठवत नाही. अक्षरं मात्र तिन्हीच्या तिन्ही! पोलिसांनी पढवलेलं दिसतंय. माय लॉर्ड, मी साक्षीदाराची ही अद्भुत कला कोर्टापुढे तपासू इच्छितो." त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. "डब्ल्यू, झेड, के. करा शब्द."

कोर्टात हसणं पिकलं. जाईने डोळे मिटले. डब्ल्यू, झेड, के. ती शोधत राहिली. शेपटी लावून पाहिल्या, डोकी लावून पाहिली. तिच्या मानेवरून घाम उतरला.

"मिळत नाही," ती म्हणाली.

"मिळत नाही!" वकील टाळी वाजवल्यासारखे हात जोडून म्हणाले. "संपली कला."

"शब्द मिळालाच पाहिजे असं नसतं," जाई म्हणाली. "पण शोधायला लागलं की अक्षरं डोक्यात रुतून बसतात. न मिळालं तर जास्तच बसतात."

ते बोलणं न्यायाधीशांनी टिपून घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतर वकिलांनी तिला कारखान्याबद्दल, नवऱ्याबद्दल, रज्जाकभाईंशी तिचे काय संबंध याबद्दल विचारलं. परक्या मुसलमान पुरुषाबरोबर रोज सकाळी एवढं काय हसणं-खिदळणं, असंही विचारलं. जाईने सगळ्याला उत्तरं दिली. ती पिंजऱ्यातून उतरणार तेवढ्यात न्यायाधीशांनी तिला थांबवलं.

"सकाळी वकिलांनी तुम्हाला कुठली अक्षरं दिली होती?"

"डब्ल्यू, झेड, के."

न्यायाधीशांनी वकिलांकडे पाहिलं. वकील आपले कागद चाळू लागले.

दुसऱ्या तारखेला रज्जाकभाई उभे राहिले. जबडा एका बाजूला वाकडा जुळला होता, बोलताना थुंकी सुटायची. त्यांनी तिन्ही अक्षरं सांगितली, टँकर मागे आला तेही सांगितलं, रुमालाने तोंड पुसलं आणि खाली उतरले.

निकालाच्या दिवशी ड्रायव्हरला जन्मठेप झाली. नंदूशेठ पुराव्याअभावी निर्दोष सुटला. ड्रायव्हरने शेवटपर्यंत त्याचं नाव घेतलं नव्हतं.

बाहेर आवारात त्याची माणसं हार घेऊन उभीच होती. गेटबाहेर फटाक्यांची माळ लागली. तो पायऱ्या उतरून खाली आला, गळ्यात झेंडूचा हार, आणि जाई व रज्जाकभाई उभे होते तिथे थबकला.

"काय मॅडम," तो हसून म्हणाला, "माज्या नावाचा पन करा की एखादा लांब शब्द."

जाईने त्याच्या मागे सुंदराबाईला येताना पाहिलं. ती धावत नव्हती. मासळीच्या पाटीवरचा ओला फडका तिने हाताभोवती गुंडाळला होता. फडका बाजूला झाला तेव्हा आत कोयता होता. जाईने तोंड उघडलं. काय ओरडायचं होतं ते तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. त्याआधीच कोयता वर गेला आणि नंदूशेठच्या मानेत उतरला, हारासकट. सुंदराबाईने तो उपसून काढला आणि पुन्हा मारला. मोठा पापलेट चिरताना मारतात तसा, नेमका आणि जोर न घालवता. नंदूशेठ गुडघ्यांवर आला. रक्त झेंडूतून गळत फरशीवर आलं. बाहेर फटाके अजून वाजतच होते, म्हणून गेटजवळच्या माणसांना काही कळलंसुद्धा नाही.

सुंदराबाईने कोयता टाकला आणि तिथेच खाली बसली.

"मी मारला," ती मोठ्याने म्हणाली. "माज्या घोवाला यानंच मारला व्हता. मी याला मारला. कोनाला नाय विचारायला जावा, मी सांगतंय."

मग त्याची माणसं तिच्यावर तुटून पडली. लाथा, बुक्के, एकाने कुंडी उचलली. पोलीस पायऱ्यांवर होते, पण गर्दीतून त्यांना वाट मिळेना. सुंदराबाई हात वर करून स्वतःला वाचवायलाही बघत नव्हती. जाईला फक्त एवढंच दिसलं की जमिनीवर एक माणूस आहे आणि त्याच्या अंगावर काहीतरी चालून येतंय. ती आत घुसली आणि सुंदराबाईच्या अंगावर पालथी पडली.

कुंडी तिच्या पाठीवर फुटली. लाथा तिच्या बरगड्यांत बसल्या. तिने सुंदराबाईचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या छातीखाली दाबून धरलं. खालून सुंदराबाई म्हणत होती, "उठ गो बाय, तू कशाला मरतंस, उठ." रज्जाकभाई वाकड्या तोंडाने किंचाळत लोकांना मागे खेचत होते. मग लाठ्यांचा आवाज आला आणि वजन हलकं झालं.

नंदूशेठ दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. जाईच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. स्वानंद सांगलीहून रातोरात निघून आला, आणि तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला. मग म्हणाला, "अवनीला आणू का? ती विचारतेय." जाईने मान हलवली. बोलायला श्वास पुरत नव्हता.

सुंदराबाईच्या खटल्यातही जाईला साक्षीला बोलावणं आलं. हलिमा म्हणाली, "नाय जायचं. आजारी हाय म्हणून सांगा. तिच्या विरुद्ध बोलनार तुमी?" रज्जाकभाई तिच्याबरोबर गेले.

सरकारी वकिलांनी विचारलं, "कोयता मारताना तुम्ही पाहिलं?"

"हो."

"कुणी मारला?"

"सुंदराबाईंनी." मग ती न विचारता पुढे बोलली. "त्याआधी तो आमच्यासमोर उभा राहून हसत होता. त्याच्या टँकरने माणूस मारला होता आणि तो त्या माणसाच्या बायकोसमोर हार घालून उभा होता. तेही मी पाहिलं. तेही लिहा."

"तेवढं पुरे," वकील म्हणाले. पण न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. पुढे सुंदराबाईला शिक्षा झाली. जन्मठेप मात्र नाही, काही वर्षांची.

साक्ष संपवून जाई व्हरांड्यात आली तेव्हा बाकावर सुंदराबाई दोन महिला पोलिसांच्या मधे बसली होती. कुठून जावं ते जाईला समजेना. सुंदराबाईनेच तिला हाक मारली.

"गो बाय. हिकडं ये."

जाई जवळ गेली.

"बरगडी दुखते का आजून?"

"थंडीत दुखते."

"एरंडाचा पान तव्यावर गरम कर नि बांध," सुंदराबाई म्हणाली. "नुसता तेल लावून काय व्हनार नाय. पान बांध. रोज बांध."

पोलिसांनी तिला उठवलं. ती उठली, पदर नीट केला, आणि त्यांच्या मधून चालत जिना उतरून गेली.